दोघांपुरता कूपे

अवरेकाई आली. बनशंकरीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोणपाटं पसरून बायका शेंगांचे हिरवे ढीग घालून बसल्या आहेत, आणि एरवी शहाणीसुरती वाटणारी माणसं मूठभर शेंगा नाकाशी नेऊन डोळे मिटून हुंगताहेत. बंगळूरला या शेंगांचं जे वेड आहे ते परक्याला सांगून कळायचं नाही. थंडी पडली, शेंगांवर दव पडलं, की त्यांना एक तेलकट, उग्र वास सुटतो. सोलताना तो बोटांना चिकटतो आणि साबणालाही दाद देत नाही. आमच्याकडे यालाच पावटे म्हणतात, असं मी इथल्या लोकांना पुष्कळ वर्षं सांगून पाहिलं. आता सांगत नाही.

माझ्या नाकात मात्र हा वास कधी एकटा शिरत नाही. त्याच्यामागून पेट्रोलचा वास येतो, नव्या रेक्झीनचा येतो, भिजलेल्या काथ्याचा येतो. एकोणीसशे साठ साल उलटून एखाद-दोन वर्षं झाली असतील, त्या वर्षीच्या थंडीचा हा वास आहे. दर वर्षी मी पिशवीभर शेंगा घेतो. एकट्या माणसाला त्या फार होतात, पण घेतो.

तेव्हा मी इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनीयर होतो. पुण्याहून आलो होतो, तिशीला टेकलो होतो, लग्न झालेलं नव्हतं. बसवनगुडीत एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. कारखान्यात दिवस बरा जायचा. रविवार मात्र अंगावर यायचा. त्या काळचं बंगळूर रविवारी इतकं शांत असे, की झाडावरून शेंग पडली तरी ऐकू यायची. मी सकाळी कॉफी पिऊन यायचो, कपडे धुवायचो, आणि मग वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत बसायचो. मला फार एकटं वाटे. हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी साफ नाकारलं असतं.

घराच्या मालकीणबाई म्हणजे अक्का. यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत निम्मी कन्नड मिसळलेली. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "जेवण झालं काय तम्मा? नसलं तर स्वल्प भात आहे, घे." मी तम्मा नाही, माझं नाव वेगळं आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे मला नंतर कळलं.

अक्कांच्या अंगणात पुढच्या बाजूला, फाटकाला लागून, एक पत्र्याची शेड होती. तिच्यात एक मोटार धूळ खात उभी होती. विलायती, दोन दारांची, दोनच सीटांची, लांब नाकाची आणि पाठीमागे उतरत्या छपराची. गोरे अधिकारी देश सोडून निघाले तेव्हा अक्कांच्या वकील नवऱ्यानं एकाकडून ती हौसेनं घेतली होती. दोनदा चालवली आणि माणूस गेला. तेव्हापासून त्या गाडीत एक मांजर दर वर्षी नेमानं वीत असे.

अशा गाडीला कूपे म्हणतात. अक्का तिला 'ते' म्हणत. एका रविवारी मी शेडच्या दाराशी उभा राहून तिच्याकडे बराच वेळ बघत होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "काय बघतोस रे? पाहिजे तर घे ते. पण पिल्लांचे डोळे उघडूपर्यंत हात लावायचं नाही."

"चालू होईल का अक्का?"

"मला काय ठाऊक? तू इंजिनीयर की मी?"

पिल्लांचे डोळे उघडले आणि मी कामाला लागलो.

इंजिन पार धरलेलं होतं. प्लग काढून त्या भोकांतून रॉकेल ओतलं आणि आठवडाभर मुरत ठेवलं. रेडिएटर धुण्याच्या सोड्यानं धुतला, तर आतून गेरूसारखं पाणी निघालं. वायरी उंदरांनी खाल्लेल्या. कारखान्यातून मागून आणलेले पाने एकाही नटाला बसेनात, कारण आमचा कारखाना मिलिमीटरवाला आणि ही बया इंची. बाजारात भंगाराच्या दुकानांतून एकेक पाना जमवला. गंजलेला नट सुटायला तयार नसला की मी त्याच्याशी मराठीत बोलत असे. आठवड्यातल्या माझ्या निम्म्याअधिक मराठीचा खप तिथेच होई. माझेच आटे ढिले झालेत, असं अक्कांच्या मोलकरणीचं मत होतं.

पण मला खरा लळा लागला तो आतल्या कामाचा. इंजिन काय, दुरुस्त होतं किंवा होत नाही. आतली बैठक ही माणसासाठी करायची असते. सीटांचं कातडं मांजरीनं फाडलं होतं, स्प्रिंगा वर आल्या होत्या, छताचं अस्तर फाटून लोंबत होतं. मी सीटा उचकटून अंगणात काढल्या. स्प्रिंगा सुतळीनं बांधल्या, वर गोणपाट, त्यावर पिंजलेला काथ्या, त्यावर कापूस. मरून रंगाचं रेक्झीन आणलं आणि कडेला पांढरा गोट लावायचं ठरवलं. अक्कांनी शिलाईचं मशीन दिलं आणि पहिल्याच दिवशी मी दोन सुया मोडल्या.

"अय्यो, मशीन आहे ते, लेथ नव्हे," अक्का म्हणाल्या. "हळू चालव. कोण बसणार म्हणून हा एवढा थाट?"

"आई," मी म्हणालो.

हे मी तोवर कुणाला बोललो नव्हतो. आई पुण्याला थोरल्या भावाकडे होती. दोन खोल्या, भाऊ, वहिनी, त्यांची मुलं, आणि मधल्या बोळात आईची पथारी. मी बंगळूरला आल्यापासून तिला ये म्हणत होतो आणि ती म्हणे, "तिकडे मी काय करू? तू दिवसभर कारखान्यात. मला ना भाषा येत, ना रस्ते ठाऊक." मी म्हणे, मी तुला गाव दाखवीन. ती हसे. बसमध्ये बसवून दाखवशील तर नको, म्हणे, कारण बसमध्ये तिला बाहेरचं दिसतच नसे. आई फार बुटकी. खिडकीबाहेर बघायला मिळावं म्हणून ती कायम स्वतःच्या पिशवीवर बसायची.

म्हणून तिची सीट मी चार बोटं उंच केली. माझी होती तशीच ठेवली. डावीकडच्या सीटखाली लाकडी ठोकळे घालून चार नट आवळले, वर काथ्याचा थर जास्त दिला, आणि खाली वाकून, मान घालून, आईच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिलं. लांब नाकापलीकडचा रस्ता बरोबर दिसत होता. त्या दिवशी मी शेडमध्ये एकटाच शीळ घालत होतो. पुढल्या आठवड्यात इंजिनही खोकत खोकत सुरू झालं.

डिसेंबर लागता लागता सुटी घेऊन कारखान्यातला गोडबोले पुण्याला निघाला. मी त्याला म्हटलं, "आमच्या घरी जाऊन आईला सांग, कूपे घेतलाय. दोघांपुरता आहे. संक्रांतीच्या आत तुला घेऊन येतो म्हणावं, तयार राहा." गोडबोले पोष्टाच्या तारेसारखा माणूस. जेवढं सांगितलं तेवढं, अक्षरही इकडचं तिकडे न करता, त्यानं जाऊन सांगितलं.

आता आमचे वडील रेल्वेत पार्सल क्लार्क होते. आमच्या घरात 'कूपे' या शब्दाला एकच अर्थ होता: पहिल्या वर्गाच्या डब्यातली ती दोन बर्थांची छोटी खोली, आतून कडी लावता येणारी, साहेब आणि मडमेची. आईनं ती जन्मभर फलाटावरून पाहिली होती. वडिलांच्या पासावर आम्ही लाकडी बाकांवरून हिंडलो. गाडी लागली की वडील तिला कूपेच्या खिडकीपाशी क्षणभर थांबवत आणि म्हणत, "एकदा तुला यातनं नेईन." मग आम्ही सगळे आमच्या डब्याकडे पळत सुटायचो. ते तसेच गेले, तिला न नेता.

गोडबोले परत आला तो हसतच. "तुझ्या आईनं बांधाबांध केलीय. तुळशीची कुंडी शेजारणीला देऊन टाकली. सगळ्या आळीला सांगत सुटल्यात, धाकट्यानं कूपे घेतलाय, मला न्यायला येतोय. मला विचारत होत्या, खालचा बर्थ माझाच ना? मला काही कळेना, मी हो म्हणून टाकलं."

मी पण हसलो. मग हसू थांबलं. कारण मला आळीच्या तोंडाशी उभी असलेली आई दिसली, आणि कूपे म्हणजे पिल्लं व्यालेल्या मांजरीची मोटार, हे तिला सगळ्यांसमोर कळल्यावर होणारा तिचा चेहरा दिसला. खुलासा करणारं पत्र मी लिहायला घेतलं आणि फाडून टाकलं. रजा काढली आणि पुण्याला गेलो. स्टेशनवर वडिलांच्या वेळचे एक वृद्ध बाबू अजून होते. मी त्यांना आईचं सांगितलं. रजिस्टर पुढे ओढून त्यांनी कूपेपुढे आमची नावं लिहिली.

आई नवं लुगडं नेसून निघाली. सगळी आळी दारात उभी होती. कूपेत शिरल्यावर ती आधी बसलीच नाही. बर्थवरून हात फिरवला, कडी लावून पाहिली, काढून पाहिली, आरशात पाहिलं. मग खिडकीशी बसली आणि फलाटाकडे बघत म्हणाली, "इथनं असं दिसतं होय." तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, पण मी होल्डॉल सोडायच्या निमित्तानं खाली वाकलो.

गाडी हलली आणि थोड्या वेळानं आई भिंतीला कान लावून बसली. लाकडी भिंतीपलीकडे कुणाचं तरी बिऱ्हाड होतं. "ऐक, पोरगी रडतेय. दात येत असतील." मग, "सासूला पाणी हवंय, आणि फिरकीचा तांब्या सापडत नाहीये." सातारा रोड जाऊन मिरज येईपर्यंत पलीकडच्या सगळ्यांची नाती तिनं लावली होती, आणि मिरजेला उतरून खिडकीतून त्यांना दशम्याही देऊन आली. मी म्हटलं, "अगं, एवढा कूपे मिळालाय, निवांत पड की." ती म्हणाली, "निवांतच आहे."

बंगळूरला उतरलो तर स्टेशनाबाहेर माझी मरून सीटांची गाडी उभी. गोडबोल्यानं आणून लावली होती. आईनं गाडीकडे पाहिलं, गोडबोल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"यालाही कूपेच म्हणतात का रे?"

"हो."

"म्हणजे याचा निरोप होता तो."

मी गाडीचं डावं दार उघडलं. ती लाजेनं लाल झाली आणि मग तोंडाला पदर लावून जी हसत सुटली ती सीटवर बसेपर्यंत. बसली, पदर सारखा केला, समोर पाहिलं, आणि हसू विरलं. "दिसतंय की सगळं," ती म्हणाली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ यंत्रं बसवली, त्यांतल्या काहींना बक्षिसंही मिळाली. पण असं प्रमाणपत्र पुन्हा मिळालं नाही.

त्या वर्षीची अवरेकाईची थंडी आमच्या घरात दोन माणसांची होती. रविवारी आम्ही निघायचो. लालबागेत जायचो, नंदीच्या देवळाच्या चढावर गाडी धापा टाकायची तेव्हा आई पुढे झुकून तिला धीर द्यायची. अक्का आणि आई अंगणात शेंगा सोलायला बसत. "हे आमचे पावटेच," आई म्हणे. "पावटे नव्हे हो अक्का, अवरेकाई. वास घेऊन बघा," अक्का म्हणत. दोघी एकमेकींना अक्काच म्हणायच्या. दोघींचं मराठी एकमेकींना निम्मंच कळायचं आणि त्यामुळे निम्मं पुन्हा सांगण्यात त्यांचा दिवस झकास जायचा. मला वाटलं, झालं, जमलं. आई आता इथली झाली.

संक्रांत झाली आणि अक्का लेकीच्या बाळंतपणासाठी म्हैसूरला गेल्या.

त्यानंतर एका संध्याकाळी कारखान्यातून आलो तर खोलीला कडी. आई कुठे गेली म्हणून मी घाबरा होऊन फाटकाकडे पळालो, तर ती शेडमध्ये, गाडीत, आपल्या सीटवर बसलेली. मांडीवर सूप आणि सुपात सोललेल्या शेंगा. गाडीचं तोंड रस्त्याकडे होतं.

"इथं काय करतेस?"

"इथनं रस्ता दिसतो. मागच्या खोलीत भिंत दिसते."

"केव्हापासून बसलीयस?"

"तू गेल्यापासूनच. चहाला तेवढी आत गेले होते." मग जरा थांबून म्हणाली, "आज तीन माणसं गेली रस्त्यानं. एकानं वळून बघितलं."

रोज तेच होऊ लागलं. मी संध्याकाळी वळणावरून आलो की मला आधी शेडमधला तिचा चेहरा दिसायचा, काचेमागे, बरोब्बर मी मोजून दिलेल्या उंचीवर. ती मला बघून हात करायची. मी मुद्दाम बसचा एक थांबा आधी उतरत असे, तिला जरा जास्त वेळ येताना दिसावं म्हणून.

बाजारातल्या शेंगा जून व्हायला लागल्या तेव्हा ती म्हणाली, "मला आता पोचव रे."

मी कारणं विचारली नाहीत, उपाय सांगत सुटलो. इंजिनीयरला दुसरं काय येतं? अक्का येतील आता. कन्नड शिकवायला बाई ठेवू. मी पाळी बदलून घेतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. आम्ही गाडीतच बसलो होतो, ती तिच्या सीटवर, मी माझ्या.

"तुझा कूपे फार छान आहे," ती म्हणाली. "आगगाडीतही आपण दोघंच होतो ना? पण भिंतीपलीकडे माणसं होती, पुढे डबे होते, मागे डबे होते. हा तुझा डबा कुणी कशाला जोडलेलाच नाही रे."

"मी आहे की."

"तू संध्याकाळी असतोस." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "माझं सोड. मी बोळात निजेन, पण चार माणसांचे पाय ओलांडून निजेन. तुझं काय?"

 मी खाली वाकून कारण नसताना चोक ओढून पाहिला.

जाताना कूपे काढतो म्हटलं तर तिनं झिडकारलंच. "बायकांच्या थर्डच्या डब्यात बसव." बसवलं. चिक्कार गर्दी होती. ती आत शिरली, एकीला सरकवलं, दुसरीचं पोर मांडीवर घेतलं आणि पिशवीवर बसून खिडकीशी आली. "येते रे," म्हणाली. गाडी सुटली तेव्हा मी हात वर केला, पण तोवर ती आत वळून कुणाला तरी विचारत होती, तुम्ही कुठं उतरणार?

परत येताना शेजारची सीट रिकामी होती आणि चार बोटं उंच असल्यामुळे ती मला सारखी दिसत होती. घरी पोचेपर्यंत मी रडत होतो. रस्त्यावर बघायला कुणी नव्हतं.

आई पुन्हा बंगळूरला आली नाही. मी वर्षाला एकदा जायचो. पुढे माझ्याशेजारी बसायचे प्रसंग इतरांनाही आले. गोडबोल्यानं आपली मेहुणी दाखवायला आणली, चांगली हसरी मुलगी होती. दर खड्ड्याला तिचा अंबाडा छताला लागत होता. "ही सीट जरा खाली नाही का होणार?" तिनं विचारलं. चार नटांचं काम, अर्ध्या तासाचं. मी म्हटलं, आटे गंजलेत. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. पुढल्या वर्षी तिचं लग्न झालं, दुसऱ्याशी.

सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा गाडी विकली. घेणाऱ्याला डावी सीट नकोच होती, विचित्र आहे म्हणाला. मी ती काढून घेतली, आटे काही गंजलेले नव्हते. बसवनगुडी सुटली, अक्का गेल्या, बनशंकरीत हे घर बांधलं, आणि सीट इथं वरच्या गच्चीत ठेवली. मरून रंग विटून गेलाय. गोट मात्र अजून धरून आहे. मी तिच्यावर कधी बसत नसे. ती माझी सीट नव्हती.

आज शेंगांची पिशवी घेऊन वर आलो, तर गुडघे फार दुखत होते आणि दुसरं काही जवळ नव्हतं. बसलो. सूप मांडीवर घेतलं. म्हातारपणानं मीही आता आखूड झालोय. कठड्यावरून खालचा रस्ता पार वळणापर्यंत दिसत होता. एक बाई गेली, एक सायकलवाला गेला. अंधार पडेपर्यंत मी शेंगा सोलत बसलो आणि वळणाकडे बघत राहिलो. तिकडून येणारं माझं कुणी नव्हतं. पण आई दिवसभर कशाकडे बघत बसायची, ते मला आज दिसलं.